‘डायबेटिक फ्रेंडली’ लिहिण्याआधी ग्लायसेमिक इंडेक्स समजून घ्या

मागच्या बॅचमध्ये एक ताई नाचणीच्या लाडवांचं पाकीट घेऊन आल्या. चव एक नंबर, पॅकिंग झकास. लेबलवर ठळक अक्षरात, ‘शुगर फ्री, मधुमेहींसाठी उत्तम’. मी विचारलं, ताई, गोडी कशाची? म्हणाल्या, “सेंद्रिय गुळाची, सर.”

आता गूळ म्हणजे बहुतांश साखरच. आणि ते लेबल वाचून तुमचं गिऱ्हाईक एकाऐवजी तीन लाडू खाणार, तेही बिनधास्त. म्हणून हा विषय घेतला.

ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे जीआय, ही कल्पना टोरांटोच्या डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये मांडली. 50 ग्रॅम पचणारी कर्बोदकं मिळतील एवढा पदार्थ माणसांना खायला द्यायचा, दोन तास त्यांची रक्तातली साखर मोजायची आणि तेवढ्याच ग्लुकोजशी तुलना करायची. ग्लुकोजला 100 धरतात. 55 पर्यंत कमी, 56 ते 69 मध्यम, 70 किंवा त्याहून वर जास्त. म्हणजे हा आकडा खऱ्या माणसांवर मोजूनच मिळतो. घटक बघून घरी अंदाज करता येत नाही.

आणि अंदाज चुकतोही. मटकी, हरभरा, राजमा यांचा जीआय कमी असतो, तिथे शंका नाही. पण उपवासाचा साबुदाणा? तो जवळपास निव्वळ स्टार्च. साखर झपाट्याने वाढवतो. नाचणी पौष्टिक आहेच, पण ती बारीक दळली, किंवा चोथा काढून सत्त्व केलं, की लवकर पचते. पदार्थ तोच, पण दळण, शिजवणं, सोबत काय खाल्लं यावर आकडा बदलतो. भाताचंही तसंच. काही बासमती तांदळांचा जीआय मध्यम येतो, मऊ चिकट भाताचा बराच वर जातो.

अजून एक गंमत बघा. उकडलेल्या बटाट्यापेक्षा तळलेल्या वेफर्सचा जीआय कमी निघू शकतो, कारण तेलामुळे पचन मंदावतं. मग वेफर्स आरोग्यदायी झाले का? अजिबात नाही! कमी जीआय आणि चांगला पदार्थ, हे एकच समजू नका.

प्रमाणाचा हिशोब तर राहिलाच. त्याला ग्लायसेमिक लोड म्हणतात. जीआय गुणिले एका वेळी खाल्लेली कर्बोदकं (ग्रॅममध्ये), भागिले 100. कलिंगडाचा जीआय 75 च्या आसपास धरतात, पण 120 ग्रॅम फोडींत कर्बोदकं जेमतेम 8 ग्रॅम, म्हणून लोड फक्त 6. दीडशे ग्रॅम भातात कर्बोदकं साधारण 42 ग्रॅम. जीआय 70 धरला तर लोड 29. 10 पर्यंत कमी, 20 किंवा त्याहून वर जास्त. डबा देणाऱ्यांनो, मधुमेही गिऱ्हाइकाच्या डब्यात भाताची वाटी छोटी आणि उसळीची मोठी करा. फरक तिथे पडतो.

आता कायद्याचं. एफएसएसएआयच्या 2018 च्या नियमांप्रमाणे ‘शुगर फ्री’ लिहायचं तर 100 ग्रॅममध्ये साखर 0.5 ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. गुळाचा लाडू तिथे कुठेच बसत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘लो जीआय’ लिहायचं असेल तर तुमच्याच पदार्थाची रीतसर चाचणी हवी. नेटवरचा तक्ता दाखवून भागत नाही.

त्या ताईंनी शेवटी लेबल बदललं. ‘नाचणी-शेंगदाणा लाडू, गुळाचा. एक नग 30 ग्रॅम. मधुमेह असल्यास डॉक्टरांना विचारून खावा.’ शंभर जुनी लेबलं फुकट गेली, त्याचं त्यांना वाईट वाटलं. आता त्या गूळ न घालता भाजक्या हरभऱ्याचा तिखट चिवडा करून बघतायत. पहिली खेप थोडी खारट झाली होती!