नावेचा वेग का मंदावतो?

नारळी पौर्णिमेनंतर कोकणच्या किनाऱ्यावरील होड्या पुन्हा समुद्रात लोटल्या जातात. तळ घासून रंगविलेली होडी पहिल्या फेऱ्यांत झपाट्याने पाणी कापते. शिमग्याच्या सुमारास मात्र तीच होडी, तेच एंजिन आणि तितकेच इंधन असूनही बंदर गाठण्यास उशीर लावते. वारा उठण्यापूर्वी खाडीच्या मुखातून आत शिरावयाचे असेल, तर हा उशीर जिवावर बेतू शकतो. अशा वेळी दोष सहसा एंजिनाला दिला जातो. परंतु एंजिन हा अनेक संशयितांपैकी केवळ एक होय.

नावेच्या मागील फळीवर बाहेरून बसविलेल्या एंजिनास आउटबोर्ड एंजिन म्हणतात. ते पाण्यातील मळसूत्री पंखा फिरविते. पंखा पाणी मागे लोटतो व नाव पुढे सरकते. म्हणून वेग घटला की प्रथम एकच प्रश्न विचारावा : पूर्ण इंधन दिल्यावर एंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे पूर्वीइतके आहेत, की कमी झाले आहेत?

फेरे पूर्वीइतके किंवा अधिक असून नाव मंद असेल, तर शक्ती निर्माण होते, पण ती पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही. समजा, पंखा एका फेऱ्यात २५ सेंटिमीटर पुढे जाईल अशा पिळाचा आहे व मिनिटाला २,५०० फेरे घेतो. घन पदार्थात शिरणाऱ्या स्क्रूप्रमाणे तो तासाला ३७.५ किलोमीटर जाईल. नाव प्रत्यक्षात ३० किलोमीटर गेली, तर २० टक्के गती घसरणीत गेली. काही घसरण अटळ असते. ती वाढली की पाती वाकली आहेत काय, अथवा एंजिन फार वर बसविल्याने पंखा हवा ओढतो काय, हे पाहावे. पंखा व दांडा यांमधील रबरी कडेही सैल होते. कड्याच्या आतील व बाहेरील भागांवर मिळून एक सरळ रेघ आखावी. फेरी मारून आल्यावर तिचे दोन तुकडे सरकलेले दिसले, तर कडे घसरते हे निश्चित.

फेरे कमी झाले असतील, तर एंजिनावर भार वाढला आहे किंवा त्याचीच शक्ती घटली आहे. भार वाढविणारा नेहमीचा चोर म्हणजे बार्नेकल. शिंपल्यासारखा दिसणारा हा जीव वस्तुतः खेकड्यांच्या वर्गातला. त्याचे पिल्लू डोक्याकडील बाजूने तळास कायमचे चिकटते. असा खडबडीत तळ पाण्याला अडवितो. लाकडात मुरलेले पाणी आणि तळाशी साचलेले पाणीही असेच ओझे होते.

तळ स्वच्छ असेल, तर इंधनाकडे वळावे. नाव मंदावताच नळीवरील रबरी फुगा हाताने दाबावा. वेग परत आला, तर इंधन पुरेसे पोहोचत नव्हते, असे समजावे : गाळणी तुंबली असेल, पंप दुबळा असेल किंवा टाकीच्या झाकणावरील हवेचे छिद्र बंद राहिले असेल. त्यानंतर ठिणगीचे प्लग तपासावेत.

नदीच्या गोड्या पाण्यात बार्नेकलांचा उपद्रव नसतो. तेथे पाणवनस्पती व प्लास्टिकच्या पिशव्या पंख्याला गुंडाळतात. १३ जुलै २०२३ रोजी दिल्लीत यमुनेची पातळी २०८.६६ मीटरपर्यंत चढली, तेव्हा बचावाच्या नावा वस्त्यांमधून फिरल्या. अशा पाण्यात एक पिशवीही नाव अडविण्यास पुरेशी होते.

सर्वांत उपयुक्त उपकरण मात्र साधी वही आहे. तळ स्वच्छ असतानाच किनाऱ्यावरील दोन खुणांमधील अंतर जाताना व येताना किती वेळात कापले, हे फेऱ्यांच्या आकड्यासह लिहून ठेवावे. प्रवाहाचा परिणाम वगळण्यासाठी दोन्ही वेगांची सरासरी घ्यावी. पुढे संशय येताच तीच चाचणी तितक्याच ओझ्यानिशी करावी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन दुरुस्त्या एकदम केल्या, तर नाव धावू लागेल. पण दोष कोठे होता, हे कधीच कळणार नाही.