कुंडीतल्या मुळांना हवा हवी

पाचगणीत जुलै-ऑगस्ट आला, की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. ‘‘पाऊस एवढा पडतोय, तरी कुंडीतलं झाड माना टाकतंय. पाणी कमी पडतंय का?’’ विचारणाऱ्याने बऱ्याच वेळा आधीच तांब्याभर पाणी घातलेलं असतं. त्याची चूक नाही. झाड दिसतं तहानलेलंच. पानं लोंबलेली, शेंडा वाकलेला. प्रत्यक्षात मात्र ते बुडालेलं असतं.

आपण समजतो, मुळं म्हणजे पाणी ओढणाऱ्या नळ्या. पण मुळं जिवंत असतात आणि जिवंत आहेत म्हणून श्वास घेतात. मातीच्या कणाकणांमध्ये ज्या बारीक पोकळ्या असतात, त्यांतली हवा त्यांना लागते. त्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या, की मुळं गुदमरतात. गुदमरलेल्या मुळाला पाणी वर चढवण्याइतकी ताकद राहत नाही. मग पायाशी पाणी साचलेलं असताना झाड वरून सुकतं. आपण अजून पाणी घालतो आणि उरलंसुरलं मूळही कुजतं.

शेतात हे इतक्या लवकर होत नाही. तिथे पाण्याला खाली जायला जागा असते. कुंडीला तळ असतो, आणि सगळा फरक या तळामुळे पडतो. म्हणून मी नेहमी सांगते, कुंडी म्हणजे छोटं शेत नव्हे. तिचे नियम वेगळे आहेत.

हे नियम समजायला घरातला भांडी घासायचा स्पंज पुरेसा आहे. चौकोनी स्पंज पाण्यात बुडवून काढा आणि आडवा धरा. थेंब गळायचे थांबले, की तोच स्पंज न दाबता उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, बदलली ती फक्त उंची. कुंडीतल्या मातीचंही असंच असतं. भोक कितीही मोठं पाडा, तळाशी ओल्या चिंब मातीचा एक थर राहतोच. कुंडी उथळ असेल, तर तो थर थेट मुळांपर्यंत येतो. उंच असेल, तर मुळांना वर कोरडी, हवेशीर जागा मिळते. आपल्या अंगणातलं तुळशीवृंदावन उंच असतं. श्रद्धेने बांधलेली ही उंची तुळशीच्या मुळांनाही मानवते.

यातून आणखी एक गोष्ट लक्षात येते. कुंडीच्या तळाशी खडे, खापऱ्या, विटांचे तुकडे यांचा जाड थर घालायची आपल्याकडे पद्धत आहे. त्याने निचरा सुधारतो असं मानतात. उलट, बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांच्या पोकळीत सहजासहजी उतरत नाही. ते वरच अडतं आणि चिंब थर तेवढा वर सरकतो. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एखादी खापरी ठेवावी, ती पुरे. खडे घालायचेच तर सगळ्या मातीत मिसळावेत.

आता आपल्या गावाकडे वळू. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पूर्वेला वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि पसरणी घाट उतरून वाईला गेलात, तर त्याहून पुष्कळ कमी. तरी पाचगणीचा पाऊस कुंडीला भारीच पडतो. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर बारा इंची कुंडीच्या तोंडातून सात लिटर पाणी आत येतं. त्या कुंडीत माती असते जेमतेम चौदा लिटर!

त्यात आपली माती जांभ्याची. टेबल लँडचा माथा या जांभा दगडाचा आहे. फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये या दगडाला ‘लॅटराइट’ हे नाव दिलं, ते विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून. हजारो वर्षांच्या पावसाने यातली बरीचशी अन्नद्रव्यं धुऊन नेली आणि मागे लोह व अॅल्युमिनियम उरलं. त्यामुळे ही माती आम्लधर्मी आहे. तिच्यातलं लोह आणि अॅल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतं, झाडाला सहज मिळू देत नाही. नुसत्या लाल मातीत लावलेलं झाड म्हणूनच पुष्कळदा जीव धरून राहतं, पण फुलत नाही. त्यावर उपाय म्हणजे भरपूर कुजलेलं खत आणि कुंडीमागे मूठभर हाडांचा चुरा.

याच मातीची एक गंमत हायड्रेंजियात दिसते. आम्ल मातीतलं अॅल्युमिनियम मुळांना मिळालं, की तिचे झुबके निळे होतात. चुना घालून आम्लता कमी केली, तर तेच झाड हळूहळू गुलाबीकडे झुकतं. पांढऱ्या जातीवर मात्र हा प्रयोग चालत नाही.

मग कुंडी भरावी कशाने? माझं प्रमाण सोपं आहे. एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग माती मोकळी ठेवणारं काहीतरी. त्यासाठी भाताचं तूस चालतं, विटांचा वाटाण्याएवढा चुरा चालतो. चुऱ्यातली पिठासारखी पूड मात्र चाळून टाकावी. नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्याला बाजारात कोकोपीट म्हणतात, तो पाणी धरून ठेवतो. उन्हाळ्यात तो गुणाचा, पण पावसात उघड्यावर राहणाऱ्या कुंडीत बेताने घालावा. कुंडी भरून झाली, की वरून लिटरभर पाणी ओता. मिनिटभरात ते खाली उतरायला लागलं पाहिजे. वर तळं साचून राहिलं, तर झाड लावण्याआधीच मिश्रण बदला.

या मिश्रणाचा दुसरा फायदा वजनाचा. चौदा लिटर नुसती ओली माती पंचवीस किलोच्या घरात जाते. जुन्या घराच्या लाकडी गॅलरीत अशा दहा कुंड्या म्हणजे अडीचशे किलो झाले. ही बेरीज आधी करावी, मग हौस.

आता माझ्या मनातली मुख्य गोष्ट. कुंडीसाठी लाल माती हवी, की माणसं सरळ पठारावर किंवा रानाच्या कडेला जातात आणि दोन पोती भरून आणतात. दोन पोत्यांनी काय होतंय, असं वाटतं. पण पठारावर मातीचा थर बऱ्याच ठिकाणी काही इंचांचाच असतो, आणि तेवढा थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. पावसाळ्यात तिथे उगवणारी चिमुकली फुलं त्याच थरावर जगतात. त्यांचं बी आणि कंद त्याच मातीत पडून पुढच्या पावसाची वाट बघतात. महाबळेश्वर-पाचगणी परिसर केंद्र सरकारने २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. कायदा आहेच, पण आपल्या दारातल्या चार फुलांसाठी डोंगरावरची चारशे फुलं उपटावीत का, हा प्रश्न कायद्याच्या आधीचा आहे.

माती घरी तयार करता येते. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी हे आयुष्यभर सांगितलं. तासगावच्या द्राक्षबागायतदारांसोबत काम करणारा त्यांचा ‘प्रयोग परिवार’ पुष्कळांना ठाऊक असेल. शहरातल्या माणसाने पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांतून स्वतःची माती घडवावी, गच्चीवर भाजी पिकवावी, हाही त्यांच्या सांगण्याचा भाग होता. पाचगणीत पाचोळ्याला तोटा नाही. सिल्व्हर ओकची पानं चिवट, कुजायला वेळ घेतात. ती आच्छादन म्हणून कुंडीत वर पसरावीत. बाकीची पानं आणि भाजीची देठं भोकं पाडलेल्या पिंपात थरावर थर घालून ठेवावीत, अधूनमधून हलवावीत. काही महिन्यांत काळं, भुसभुशीत, रानाचा वास येणारं खत मिळतं. कुंडीतली जुनी मातीही फेकू नये. उन्हात वाळवून, निम्मं नवं खत मिसळून ती पुन्हा वापरावी.

वर्षाचं वेळापत्रक आपल्या सणांवर बसवलं, तर विसरायला होत नाही. मृग लागण्याआधी कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाका. त्यांत साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात. कुंड्या दोन विटांवर उचलून ठेवा. पागोळीखाली कुंडी नको, तिथल्या धारेने माती उडून मुळं उघडी पडतात. रोझमेरी, थाइम, जिरेनियम यांना पडवीत आत घ्या. गवती चहा, आलं, पुदिना यांना पाऊस मानवतो, मात्र निचरा त्यांनाही हवाच.

गणपती गेले, पावसाचा जोर ओसरला, की प्रत्येक कुंडीला दोन मुठी खत द्या. पावसाने नत्र धुऊन नेलेलं असतं, पानं पिवळी पडतात ती त्यामुळेच. मग येते घटस्थापना. आपण घटाभोवती माती पसरून धान्य पेरतो आणि दसऱ्यापर्यंत त्याचे कोंब वीतभर होतात, पण पिवळट आणि लेचेपेचे. घरातल्या अंधारात उगवलेलं रोप असंच होणार. भाजीला निदान चार-पाच तास ऊन हवं, फळभाजीला सहा. जागा निवडताना हे कोंब आठवावेत.

त्याच सुमारास मेथी पेरावी. तिला सहा इंच खोलीचं खोकंसुद्धा पुरतं, आणि महिन्याभरात भाजी होते. कोथिंबिरीसाठी धने हलके रगडून दोन फाकी कराव्यात. टोमॅटोला आणि वांग्याला बारा इंच खोली हवी. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा त्यासाठी उत्तम, फक्त तळाला पाच-सहा भोकं पाडायची. स्ट्रॉबेरीची रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरात लावावीत. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिची चार रोपं आपल्या दारातही नांदतात. रोपाचा गाभा मातीच्या बरोबरीने ठेवायचा. गाडला तर कुजतो, उघडा राहिला तर वाळतो.

फेब्रुवारीपासून वारा कोरडा होतो. मातीच्या कुंड्या अंगातून पाणी सोडतात, त्या लवकर सुकतात. प्लॅस्टिकच्या उशिरा सुकतात. म्हणून सगळ्यांना एकाच मापाने पाणी घालू नये. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर थांबा, कोरडं लागलं तर खालून पाणी येईपर्यंत घाला. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी या कामी वापरावं. मे महिन्यात गाव पाहुण्यांनी भरतं, तेव्हा नळाचं पाणी जपून वापरायलाच हवं.

जागा नाही, अंगण नाही, म्हणून हौस मारू नका. एक डबा, मूठभर मेथीदाणे आणि घरी केलेलं खत एवढ्यावर सुरुवात होते. आणि पुढच्या पावसात एखादं झाड मान टाकेल, तेव्हा तांब्या खाली ठेवा. आधी कुंडीचं भोक मोकळं आहे का, ते बघा.