याद्यांच्या पडताळणीसाठी संगणकाच्या छोट्या आज्ञा

शाळेचा पट, शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्यांची यादी, घरपट्टीची मागणी नोंदवही, लाभार्थ्यांची यादी अशा याद्यांनी स्थानिक कारभाराचा मोठा भाग व्यापलेला असतो. यादीतून एक नाव गळले तर एका कुटुंबाचा हक्क बुडतो. तेच नाव दोनदा आले तर सार्वजनिक निधीचा अपव्यय होतो. याद्या संगणकावर तयार होऊ लागल्या, तरी त्यांची पडताळणी ओळीवर बोट ठेवून करण्याची सवय सुटलेली नाही. हे काम काही क्षणांत व बिनचूक करणारी साधने संगणकातच उपलब्ध आहेत, याची माहिती फारशी नसते.

ही साधने म्हणजे टाइप करून द्यावयाच्या आज्ञा होत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन टॉमसन व डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीची उभारणी सुरू केली. प्रत्येक साधनाने एकच काम करावे, पण ते चोख करावे, हे तिचे सूत्र होते. डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे १९७३ साली एका आज्ञेचे फलित थेट दुसरीच्या हाती देण्याची सोय झाली. दोन आज्ञांमध्ये एक उभी रेघ टाकली की ही जोडणी होते. १९९१ साली आलेल्या लिनक्सने हीच परंपरा पुढे चालविली. भारतात सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली 'बॉस' ही प्रणालीदेखील लिनक्सवरच आधारलेली आहे.

रोजच्या उपयोगाच्या आज्ञा मोजक्याच आहेत. 'सॉर्ट' ओळी क्रमाने लावते. 'युनिक' लागोपाठ आलेल्या सारख्या ओळींची एकच ओळ करते. तिला 'उणे डी' ही खूण जोडल्यास केवळ दुबार ओळी दाखविते. 'ग्रेप' हवा तो शब्द असलेल्या ओळी शोधून काढते. 'डब्ल्यूसी' ओळी मोजते. 'कॉम' दोन याद्यांची तुलना करून केवळ पहिलीत, केवळ दुसरीत व दोन्हींत असलेल्या ओळी तीन रकान्यांत मांडते.

समजा, एका शाळेत शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्यांची एक यादी आहे आणि बँक खाते नोंदविलेल्यांची दुसरी. दोन्हींतील केवळ विद्यार्थी क्रमांक वेगळ्या साध्या मजकूर फायलींत घ्यावेत, दोन्ही फायली 'सॉर्ट'ने क्रमाने लावाव्यात आणि मग 'कॉम' ही आज्ञा द्यावी. पहिल्या रकान्यात आलेले क्रमांक म्हणजे पात्र असूनही खाते न नोंदविलेली मुले होत. दुबार नोंदी शोधावयाच्या असल्यास आधी 'सॉर्ट' व मग 'युनिक' हाच क्रम ठेवावा. अन्यथा दूर-दूर असलेल्या दुबार ओळी निसटतील. या कामास इंटरनेटची गरज नसल्याने नागरिकांची माहिती कार्यालयाबाहेर जात नाही.

नावांऐवजी क्रमांक घेण्याचे कारण महत्त्वाचे आहे. यंत्र अक्षराचे रूप पाहत नाही, त्यामागील संकेतांक पाहते. 'कऱ्हाड' या नावातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला मात्र ती दोन वेगळी नावे वाटतात. देवनागरी व इंग्रजी अंकांचेही तसेच. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधील मजकूर तर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित केल्यावाचून शोधताच येत नाही.

काही दक्षता आवश्यक आहेत. 'आरएम' या आज्ञेने पुसलेली फाईल कचरापेटीत जात नाही. ती सहसा परत मिळत नाही. फलित फायलीत साठविण्यासाठी बाणाची खूण वापरतात. त्या नावाची फाईल आधीच असेल तर तिच्यातील मजकूर विचारणा न करता पुसला जातो. मूळ यादीचेच नाव दिल्यास ती यादीच रिकामी होते. म्हणून मूळ यादीची प्रत प्रथम बाजूला ठेवावी आणि सर्व काम दुसऱ्या प्रतीवर करावे.

यंत्र फरक दाखविते; तो का पडला हे सांगत नाही. दुबार दिसलेले नाव दोन भिन्न व्यक्तींचेही असू शकते. म्हणून आज्ञेने काढलेली यादी हा चौकशीचा आरंभ समजावा. नाव वगळण्याचा निर्णय मात्र त्या घरी जाऊन, कागदपत्रे पाहूनच घ्यावा.