अर्बुद ओसरले, तरी शस्त्रकर्म टाळू नये

तंबाखू, गुटखा व सुपारी यांच्या सेवनातून उद्भवणारा मुखाचा कर्करोग बहुधा पुष्कळ वाढल्यावरच आपल्यासमोर येतो. प्रथम शस्त्रकर्म आणि नंतर किरणोपचार, आवश्यकतेनुसार रसायनोपचारासह, हा त्याचा रूढ उपचारक्रम होय.

जपानमध्ये काही प्रगत रुग्णांसाठी हा क्रम पालटून पाहण्यात आला. कानापुढील शंखप्रदेशातील धमनीतून सूक्ष्म नलिका उलट दिशेने सरकवून अर्बुदाला रक्त पुरविणाऱ्या शाखेपर्यंत नेतात. तीतून सिस्प्लॅटिन व डोसेटॅक्सेल ही औषधे थेट विकृत स्थानी पोहोचतात. त्याच काळात किरणोपचारही चालतात. सिस्प्लॅटिनची सर्वदेही विषाक्तता आवरण्यासाठी शिरेवाटे सोडियम थायोसल्फेट देतात. यानंतर शस्त्रकर्म. ही पद्धती सर्वत्र रूढ झालेली नाही.

कोणत्याही पूर्वोपचाराने अर्बुद आक्रसते, वेदना शमते, आणि येथेच खरा धोका संभवतो. "वैद्यराज, आता चिरफाड कशाला? एखादा काढा द्या," अशी विनवणी घेऊन रुग्ण आपल्याकडे येतो. अशा वेळी आम्हांस सुश्रुताचार्यांचे स्मरण होते. सशेष राहिलेले अर्बुद शीघ्र पुनरुद्भवते, म्हणून ते निःशेष काढावे, असे त्यांनी बजावले आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी मागे उरतात, हे आधुनिक शास्त्रही सांगते.

म्हणून अशा रुग्णास आपण विनाविलंब शल्यचिकित्सकाकडे परत पाठवावे. कर्करोगतज्ज्ञांना कळविल्याविना कोणतेही औषध देऊ नये. तीन आठवड्यांत न भरणाऱ्या मुखव्रणाची ऊतकपरीक्षा करवून घ्यावी. रुग्णाचा आपल्यावरील विश्वास हेच या कामी आपले मोठे साधन आहे.