इंजिनाची गाळणी: गटाच्या गाडीसाठी ऑइल फिल्टर कसा निवडावा

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

आज आपण गाडीच्या एका लहानशा भागाबद्दल बोलणार आहोत. “गाडीचं ड्रायव्हर बघेल, आपल्याला त्यातलं काय कळतं,” असं म्हणून रेडिओ बंद करू नका बरं का. गाडी आता आपल्या दारात आली आहे. कुठे गटानं भाजी, दूध, मसाले बाजाराला न्यायला पिकअप घेतली आहे, तर कुठे एखाद्या ताईनं शाळेच्या मुलांची ने-आण करायला व्हॅन घेतली आहे. केंद्र सरकारनं २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना आणली. गटातल्या बायकांनी खेड्यापाड्यांच्या रस्त्यावर प्रवासी गाडी चालवावी, हाच तिचा हेतू होता.

गाडी आली की कर्जही येतं. गाडी बंद पडली म्हणून बँकेचा हप्ता काही थांबत नाही. त्यामुळे बोनट उघडायचं काम भले मिस्त्रीचं असेल, पण गाडीत काय बसवलं हे विचारायचं काम मालकिणीचं आहे. आज एकाच वस्तूबद्दल विचारायला शिकू या, ती म्हणजे ऑइल फिल्टर.

फिल्टर करतो काय?

इंजिनात लोखंडाचे भाग मिनिटाला हजारो फेरे घेतात. ते एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये ऑइलचा पातळ थर असतो. हेच ऑइल इंजिनाची उष्णता ओढून घेतं आणि आतली घाणही वाहून नेतं. ही घाण म्हणजे जळलेल्या इंधनाची काजळी, झिजलेल्या धातूचा कीस आणि हवेबरोबर आत आलेली धूळ.

ऑइल इंजिनाच्या तळाशी, चेंबरमध्ये साठलेलं असतं. पंप ते वर ओढतो, फिल्टरमधून ढकलतो आणि मग ते बेअरिंगपर्यंत जातं. म्हणजे फिल्टर ही इंजिनाची गाळणी झाली. बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकी असते. त्यात बारीक वाळूसारखा कण शिरला तर तो पाट्यावर वरवंटा फिरावा तसा धातू घासतो.

कण मोजायचं माप म्हणजे मायक्रॉन. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. चांगला फिल्टर २० ते ३० मायक्रॉनचे बहुतेक कण अडवतो. डोळ्यांना न दिसणारी घाण तो पकडतो, म्हणूनच फिल्टर वाईट असला तरी ते लगेच कळत नाही. गाडी चालत राहते आणि आत झीज होत राहते. कळतं तेव्हा इंजिन उतरवायची वेळ आलेली असते.

डब्याच्या पोटात काय असतं?

बाहेरून सगळे फिल्टर सारखेच दिसतात. पत्र्याचा डबा, त्यावर रंग आणि कंपनीचं नाव. खरा फरक पोटात असतो. चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, कागद. आत घड्या घातलेला खास गाळणीचा कागद असतो, साडीच्या निऱ्यांसारखा. जितक्या जास्त आणि सारख्या निऱ्या, तितकी गाळायला जागा जास्त. हलक्या फिल्टरमध्ये कागद कमी असतो, निऱ्या वेड्यावाकड्या असतात किंवा कडेला नीट चिकटवलेल्या नसतात. गाळणी कडेनं उसवली असेल तर चहा गाळून उपयोग काय? महाग फिल्टरमध्ये कागदाबरोबर किंवा कागदाऐवजी कृत्रिम धागा असतो. तो बारीक कण अधिक चांगले पकडतो आणि जास्त दिवस टिकतो.

दुसरी, उलट जाणारं ऑइल अडवणारी रबरी झडप. विहिरीवरच्या मोटरीला खाली फूटव्हॉल्व्ह असतो ना? तो पाइपातलं पाणी परत विहिरीत जाऊ देत नाही. तो खराब झाला की मोटर सुरू केली तरी पाणी वर येत नाही. तसंच इथेही आहे. बऱ्याच गाड्यांमध्ये फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेला असतो. इंजिन बंद केल्यावर त्यातलं ऑइल खाली वाहून जाऊ नये म्हणून ही झडप लागते. ती कडक झाली की रात्रीतून फिल्टर रिकामा होतो. सकाळी इंजिन सुरू केलं की ऑइल वर पोचेपर्यंत भाग कोरडे फिरतात आणि सुरुवातीचे काही सेकंद खडखड आवाज येतो. साध्या रबरापेक्षा सिलिकॉनची झडप उष्णतेत जास्त दिवस मऊ राहते.

तिसरी, बायपास झडप. थंडीत खोबरेल तेल घट्ट होतं, ते गाळणीतून पडत नाही. इंजिनाचं ऑइलही थंडीत दाट होतं. कधी कागदच घाणीनं तुंबतो. अशा वेळी इंजिन कोरडं पडू नये म्हणून ही झडप उघडते आणि न गाळलेलं ऑइल पुढे जाऊ देते. कोरड्यापेक्षा घाण ऑइल बरं, एवढाच तिचा हिशेब. पण झडपेची स्प्रिंग ढिली असेल तर ती सारखीच उघडी राहते. मग फिल्टर नावाला बसवलेला असतो आणि ऑइल न गाळताच फिरत असतं. स्प्रिंग गरजेपेक्षा ताठ असेल, तर तुंबलेला कागद दाबानं फाटतो.

चौथी, तोंडावरची रबरी रिंग. डबा इंजिनाला घट्ट बसावा आणि ऑइल गळू नये, हे तिचं काम. ती हलकी असेल तर थोड्याच दिवसांत गाडीखाली ऑइलचे थेंब पडू लागतात.

काही नव्या गाड्यांमध्ये पत्र्याचा डबा नसतो. इंजिनावरच झाकण असतं आणि आत फक्त कागदाचा भाग बदलतात. अशा फिल्टरबरोबर नवी रबरी रिंग येते. ती बसवली का, हे विचारा.

“बसतो” म्हणजे “चालतो” नव्हे

दुकानदार म्हणतो, “ताई, हा घ्या, सगळ्या गाड्यांना बसतो.” इथे सावध व्हा. दोन फिल्टरचे आटे सारखे असू शकतात, डबाही सारखा दिसू शकतो, पण आतली बायपास झडप वेगळ्या दाबाला उघडणारी असू शकते. काही गाड्यांमध्ये तर ही झडप इंजिनातच असते आणि त्यांच्या फिल्टरमध्ये ती नसते. असा फिल्टर दुसऱ्या गाडीला आट्यात फिरून बसेल, पण तुंबला की इंजिन ऑइलविना राहील.

म्हणून फिल्टर विकत घेताना डब्याचा आकार न बघता पार्ट नंबर बघायचा. गाडीच्या पुस्तिकेत तो नसेल तर कंपनीच्या अधिकृत दुकानात गाडीचं मॉडेल, साल आणि चासी नंबर सांगा, ते नंबर काढून देतात. हा नंबर गटाच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी कोणीही दुकानात गेलं तरी चूक होणार नाही.

गाडीच्या कंपनीच्याच नावाचा फिल्टर घ्यावा का? वॉरंटी चालू असेपर्यंत तो घेणं सोयीचं, वादाला जागा राहत नाही. नंतर बॉश, माहले, मान यांसारख्या फिल्टर बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपन्यांचा तुमच्या गाडीसाठीचा फिल्टरही चालतो. फक्त त्यांच्या यादीत तुमच्या गाडीचं मॉडेल लिहिलेलं हवं.

खोक्यावर “९९ टक्के घाण अडवतो” असं लिहिलेलं असेल तर भुलू नका. किती मायक्रॉनची घाण, हे लिहिलंय का बघा. रव्याची चाळणही ९९ टक्के खडे अडवते, पण म्हणून तिच्यातून मैदा चाळतो का आपण?

दुकानात हातात घेतल्यावर

नावाजलेल्या कंपन्यांचा डुप्लिकेट माल बाजारात असतो. तो ओळखायला ही तपासणी करा.

१. खोकं वाचा. पाकीटबंद मालावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-साल, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. छपाई पुसट असेल, कंपनीच्या नावातलं एखादं अक्षर बदललेलं असेल, तर परत करा. क्यूआर कोड असेल तर गटातल्या मुलीला मोबाइलवर तपासायला सांगा.

२. खोक्यावरचा नंबर आणि डब्यावरचा नंबर एकच आहे ना, ते बघा.

३. डब्याला पोचा, गंज किंवा जुन्या रंगावर नवा रंग नको.

४. तोंडाकडून आत बघा. मधल्या मोठ्या भोकाचे आटे स्वच्छ हवेत, त्यात लोखंडाचा कीस नको. कडेच्या लहान भोकांमागे रबरी झडप दिसते. ती सगळीकडे सारखी टेकलेली हवी. आत खिळा किंवा तार खुपसू नका, झडप फाटेल.

५. रबरी रिंग खाचेत सारखी बसलेली, मऊ आणि बिनचिरेची हवी.

६. पक्कं बिल घ्या आणि त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या. नंतर तक्रार करायची वेळ आली तर हाच पुरावा. दुकानदारानं दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

आता पैशांचा हिशेब करू. समजा चांगल्या आणि हलक्या फिल्टरमध्ये १५० रुपयांचा फरक आहे आणि फिल्टर सहा महिने चालला. दिवसाला एक रुपयाही पडत नाही. उलट इंजिन उतरवायचं झालं तर खर्च हजारांत जातो. गाडी उभी असते तितके दिवस भाडं बुडतं, ते वेगळंच.

बदलायचा कधी, बसवायचा कसा?

दर वेळी ऑइल बदलताना फिल्टरही बदला. नवं ऑइल जुन्या फिल्टरमधून फिरवणं म्हणजे ताजं दूध न धुतलेल्या पातेल्यात ओतणं. किती किलोमीटरला बदलायचं ते गाडीच्या पुस्तिकेत असतं, आणि किलोमीटर झाले नाहीत तरी महिन्यांची मुदतही दिलेली असते. त्यातलं जे आधी येईल ते पाळायचं. कच्चा रस्ता, फुफाटा, भरलेला माल, घडीघडी थांबणं असेल तर पुस्तिकेत त्यासाठी लवकरची मुदत सांगितलेली असते. आपल्या बहुतेक गाड्या याच प्रकारात मोडतात. आणि फुफाट्याच्या रस्त्यावर हवेचा फिल्टरही वेळच्या वेळी बघा. तो फाटका असेल तर धूळ थेट इंजिनात जाते, मग ऑइल फिल्टर कितीही चांगला असून भागत नाही.

फिल्टर बसवताना गटातली एक जण तिथे उभी राहू द्या. तिनं चार गोष्टी बघायच्या. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिलेली नाही ना? एकावर एक दोन रिंगा झाल्या की ऑइल जोरात गळतं. नव्या रिंगेला बोटानं स्वच्छ ऑइल लावलं का? फिल्टर हातानं आवळला का? रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा पुरतो, नेमका किती ते डब्यावर छापलेलं असतं. पाना लावून जीव खाऊन आवळला तर रिंग चेपते. शेवटी, इंजिन दोन मिनिटं चालवून खाली गळती बघितली का, आणि इंजिन बंद करून थोड्या वेळानं पट्टीवर ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे का?

जुना फिल्टर मागून घ्या. त्याला मोठं भोक पाडा आणि रिकामं खोकं फाडून टाका, म्हणजे त्यात डुप्लिकेट माल भरून कोणाच्या गळ्यात पडणार नाही. काळं ऑइल ओढ्यात, उकिरड्यावर ओतू नका, चुलीत जाळू नका, जनावरांच्या जखमेला तर मुळीच लावू नका. त्यात धातू आणि विषारी पदार्थ असतात. जुनं ऑइल गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवणाऱ्या गॅरेजलाच ते द्या.

आणखी एक गोष्ट ड्रायव्हरला आज संध्याकाळीच सांगा. गाडी चालू असताना समोर तेलाच्या किटलीचं लाल चित्र लागलं, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन तिथेच बंद करायचं. “पुढच्या फाट्यापर्यंत जाऊ” असं म्हणायचं नाही. ऑइलचा दाब गेलेला असताना काही मिनिटांतच इंजिन जाम होऊ शकतं.

वहीतलं एक पान

गटाच्या वहीत बचतीचं पान असतं, कर्जाचं पान असतं. तसंच एक पान गाडीचं करा. त्यात तारीख, किलोमीटर, ऑइलचा प्रकार, फिल्टरची कंपनी आणि पार्ट नंबर, दुकान, बिल नंबर, कोणासमोर बसवला आणि पुढची तारीख लिहा. महिन्याच्या बैठकीत हप्त्याबरोबर हे पानही वाचा. हिशेब विचारला जातो हे कळलं की मिस्त्रीही नीट माल लावतो आणि ड्रायव्हरही तारीख चुकवत नाही.

मैत्रिणींनो, पिठाची चाळण घेताना आपण ती उजेडासमोर धरून बघतो, भोकं सारखी आहेत का, कड सुटली आहे का. तीच नजर इथे लावायची आहे. पुढच्या बैठकीला गाडीची पुस्तिका घेऊन बसा, फिल्टरचा पार्ट नंबर शोधा आणि वहीत पहिली ओळ लिहा.