श्रीखंडाच्या डब्यात बाळाचा खाऊ भरताय? आधी डबा उलटा करून बघा

गोंदिया शहराजवळचं नागरा गाव ओळखलं जातं ते तिथल्या प्राचीन शिवमंदिरामुळे. महाशिवरात्रीच्या यात्रेतून घरी परतताना सोबत मुरमुऱ्यांचा पुडा येतो, मिठाईचा प्लॅस्टिकचा डबा येतो. पुडा फेकला जातो. डबा मात्र धुऊन फळीवर जातो आणि दुसऱ्या दिवसापासून त्यातच दोन वर्षांच्या पोराचा खाऊ.

काटकसर म्हणून यात काहीच चूक नाही. अडचण एवढीच की सगळे डबे एकाच प्लॅस्टिकचे नसतात.

डबा उलटा केला की तळाशी छोटा त्रिकोण आणि त्यात आकडा दिसतो. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन. श्रीखंड, आईस्क्रीमचे बरेच डबे याचेच असतात. मुरमुरे, पोह्यांचा चिवडा, बिस्किटं असा कोरडा, गार खाऊ यात ठेवायला हरकत नाही. १ म्हणजे पेट, पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक. हे एकदाच वापरण्यासाठी बनतं, उकळतं पाणी ओतलं की आकसतं. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. थर्माकोलचे वाडगे आणि दाबले की कडकन तडकणारे कप यात येतात. यातलं स्टायरीन गरम, तेलकट पदार्थात उतरू शकतं. त्यामुळे ६ नको. आकडाच नसेल तर तो डबा खाण्यासाठी वापरूच नये.

पण खरी गोम आकड्यापेक्षा उष्णतेत आहे. गरम अन्न आणि तूप-तेल यांच्यामुळे प्लॅस्टिकमधली रसायनं सुटायला मदत होते. म्हणून डबा ५ नंबरचा असला तरी त्यात वाफाळती खिचडी किंवा तूप घातलेला वरणभात नको. त्याला स्टीलची वाटीच बरी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये मुलांचं अन्न प्लॅस्टिकमध्ये मायक्रोवेव्ह करू नका, असं सांगितलं होतं. लहान मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त खातात, त्यांचं शरीर अजून घडत असतं, आणि डब्याची कड चावायची हौस वेगळीच.

हळदीचा डाग जात नाही, आतून ओरखडे पडलेत, धुऊनही वास येतो? असा डबा बाद.

कागदाचं काय? वर्तमानपत्रात खाऊ बांधणं तर नकोच. छपाईची शाई अन्नाला लागते, आणि २०१८ च्या अन्न पॅकेजिंग नियमांनुसार वर्तमानपत्रात अन्न बांधायला किंवा ठेवायला मनाई आहे. चहाच्या कागदी कपालाही आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या अभ्यासात अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटं ठेवल्यावर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लॅस्टिक कण आढळले होते. पार्सलच्या अ‍ॅल्युमिनियम डब्यात टोमॅटो, चिंच, ताक असं आंबट काही साठवू नये, आंबटपणामुळे धातू अन्नात उतरतो.

पळसाच्या पानांचे द्रोण या भागाला नवे नाहीत. पण तेही एकदाच. धुऊन ठेवले की ओल राहते आणि बुरशी धरते.

आणि डबा कितीही चांगला असो, चार वर्षांखालच्या मुलाच्या खाऊत अख्खे फुटाणे आणि शेंगदाणे नकोत. ते श्वासनलिकेत अडकू शकतात. कूट करून द्यावेत.

बाद झालेल्या डब्यांत खडू आणि ठोकळे छान मावतात.