शेळीला रविवार नसतो

शेळी काहीही खाते, असे आपण सहज म्हणून जातो. बोरी-बाभळीचा पाला, भिंतीवरचा कागद, दोरीवर वाळत घातलेला पदर, सारे तिच्या नावावर खपते. खरे पाहता गुराढोरांत तिच्याइतके चोखंदळ जनावर शोधून सापडणार नाही. पायाखाली तुडवलेली वैरण ती हुंगते आणि मान फिरवते. ती काय खाते याची आपण थट्टा करतो. ती केव्हा खाते याचा विचार मात्र करीत नाही. आणि तिचे दूध, तिच्या करडांची वाढ या ‘केव्हा’वर पुष्कळच अवलंबून असते.

याचे कारण तिच्या पोटात आहे. शेळीच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतला पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे जणू विरजणाचे मडके. त्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात. चारा खरे तर तेच पचवतात आणि शेळी त्यांच्या कमाईवर जगते. वैरणीतले तंतू पचवणारे जीव वेगळे, धान्यावर वाढणारे वेगळे. वैरण भरपूर असली की शेळी दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते. रवंथ करताना लाळ सुटते आणि त्या लाळेतला सोडा पोटातली आंबट वाढू देत नाही. एकदम भाकरी, भात किंवा मक्याचा भरडा पोटात गेला, की धान्यवाले जीव माजतात, आंबट वाढते, वैरणवाले जीव मरतात. मग पोट फुगते, हगवण लागते आणि कधी एका रात्रीत जनावर जाते.

म्हणून जाणकार सांगतात, की वेळा ठरलेल्या असाव्यात, आधी सुकी वैरण आणि मागून खुराक द्यावा, खुराकही दिवसातून दोनदा विभागून द्यावा. कोणताही नवा चारा दहा-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवावा. पोटातल्या जिवांची वस्ती बदलायला तेवढा अवधी लागतो.

आता आमच्या मावळाकडे या. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आंदर मावळ असो, नाणे मावळ असो की पवन मावळ, जूनच्या अखेरीस डोंगर हिरवे होतात. बघणाऱ्याला वाटते, शेळ्यांची चंगळ झाली. हिशेब मात्र निराळा आहे. तीस किलोच्या शेळीला दिवसाला साधारण एक किलो कोरडे अन्न लागते. कोवळ्या गवतात शंभरातले ऐंशी भाग पाणीच असते. म्हणजे पाच किलो गवत खाल्ले तेव्हा कुठे किलोभर अन्न मिळाले. पोट टम्म दिसते, पण दूध उतरत नाही. त्यात चार-चार दिवस झड लागली, की शेळ्या बाहेरही पडू शकत नाहीत. याच दिवसांत आंत्रविषाराचा धोका असतो. एरवी पोटात गप्प असणारे जंतू कोवळ्या चाऱ्यावर एकाएकी वाढून विष सोडतात. त्याची लस पावसाआधीच टोचून घ्यावी लागते.

उपाय साधा आहे. सकाळी बाहेर सोडण्याआधी मूठ-दोन मूठ सुका चारा द्यावा. आमच्याकडे मुबलक असतो तो भाताचा पेंढा. त्यात प्रथिने फार थोडी, म्हणून जोडीला सुबाभूळ, शेवरी, हादगा यांचा पाला जुडी बांधून टांगावा. मान वर करून खाणे हा शेळीचा स्वभावच आहे. सुबाभळीत एक विषारी घटक असतो, तेव्हा ती एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापलीकडे जाऊ देऊ नये.

माझी आई घड्याळ बघत नसे. घरामागून लोकल गेली, की ती पाल्याची जुडी टांगायची. गाडी उशिरा आली तर शेळ्याच ओरडून आठवण द्यायच्या. कवितेतला छंद मोडला तर कानाला कळते; शेळीचा छंद मोडला तर लेंडीवरून कळते. ती सुटी आणि घट्ट असेल तर ठीक, चिकट झाली की समजावे, वेळापत्रक बिघडले.

लोणावळ्यात ते बिघडते शनिवार-रविवारी. पावसाळ्यात पर्यटकांची रीघ लागते. कणसाची गाडी, चहाची टपरी, बंगल्यातली धुणी-भांडी यांत घरातली सारी माणसे गुंततात. शेळी दावणीला उपाशी राहते. सोमवारी कीव येऊन तिच्यापुढे उरलेला भात, पाव, कणसाचे दाणे एकदम ओतले जातात. दोन दिवसांचा उपास आणि एका दिवसाचे पारणे, हे तिच्या पोटाला सर्वांत घातक. दूध घटते आणि ते पूर्ववत व्हायला दिवस लागतात.

गाभण शेळीचे तर विचारूच नका. पाच महिन्यांच्या गाभणकाळात करडाची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. तेव्हा खुराक चुकला, तर करडू अशक्त जन्मते आणि आईला दूधही कमी येते. जन्मल्यावर तासाभरात चीक मिळाला पाहिजे. पहिल्या दिवसात करडाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. दोन किलोच्या करडाला दोनशे मिलिलिटर. दोन-तीन आठवड्यांचे झाले, की त्याच्यापुढे कोवळा पाला टांगावा, म्हणजे त्याचेही मडके हळूहळू तयार होते.

बकरी ईदचा हिशेबही यातलाच. कुर्बानीचा बोकड वर्षाचा लागतो, बाजारात त्याचे दात पाहतात. ईद चांद्रवर्षाने चालते, म्हणून दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२३ साली ती २९ जूनला होती, २०२५ साली ७ जूनला. म्हणजे बोकड भरण्याचे महिने आता पुरते उन्हाळ्यात येतात, डोंगर करपलेला असतो तेव्हा. अशा वेळी शेवटच्या आठवड्यात धान्य चारून बोकड भरत नाही, नुसता फुगतो. त्याची तयारी दिवाळीनंतर पेंढा आणि सुकवलेला पाला साठवण्यापासूनच करावी लागते.

ज्या बाईच्या दारात दोनच शेळ्या आहेत, तिच्यासाठी त्या मुलांची फी असतात, दवाखान्याचा खर्च असतात. पेंड महाग आहे, ती दरवेळी परवडेलच असे नाही. पण कामावर निघताना एक जुडी आणि परतल्यावर एक जुडी, तीही रविवारी न चुकता, एवढे तिला जमण्यासारखे आहे. पेंडीला पैसे पडतात, वेळेला पडत नाहीत.